हार्ड डिस्कची नाडीपरीक्षा

घरातील संगणक हळूहळू मंदावत जातो. एखादी फाइल उघडताना पडदा मिनिटभर गोठून राहतो आणि मग काहीच घडले नाही अशा थाटात काम पुढे सुरू होते. कधी सकाळी संगणक सुरू करावा, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांतील एखादी सूचना येऊन सारे थांबते. अशा वेळी बहुतेक घरांत दोनच उपाय केले जातात. पहिला, संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे. दुसरा, ओळखीच्या तंत्रज्ञाला बोलावणे. तंत्रज्ञ येतो, 'व्हायरस असणार' असे सांगतो, डिस्क 'फॉरमॅट' करून विंडोज नव्याने टाकतो आणि निघून जातो. पंधरा दिवसांत तोच त्रास पुन्हा सुरू होतो. फरक इतकाच, की या वेळी मुलांच्या बारशापासूनची छायाचित्रे, आजोबांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण आणि दहा वर्षांची प्राप्तिकराची कागदपत्रे डिस्कवर उरलेली नसतात.

रोग हार्ड डिस्कचा आणि उपचार विंडोजवर, असा हा प्रकार आहे. हार्ड डिस्क ही संगणकातील अशी एकमेव वस्तू आहे, जिची किंमत बाजारभावावरून ठरत नाही. पडदा, मेमरी, मदरबोर्ड बिघडला तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कोणत्याही शहरातल्या दुकानात त्याच्या जागी दुसरा मिळतो. डिस्कही नवी मिळते, पण तिच्यावरचे काही मिळत नाही. म्हणूनच डिस्क आजारी आहे की नाही, हे वेळेवर ओळखणे महत्त्वाचे ठरते. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. थोडी माहिती, थोडा धीर आणि कामांचा योग्य क्रम एवढे पुरते.

पेटीच्या आत काय चालते?

जगातील पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली 'रॅमॅक' या संगणकासोबत आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि तिच्यावर ५० लाख अक्षरे मावत. आजच्या फोनमधील एक छायाचित्रही कदाचित तिच्यात बसले नसते. आकार आणि क्षमता यांत त्यानंतर जमीन-अस्मानाचा फरक पडला. तत्त्व मात्र तेच राहिले. चुंबकीय थर दिलेली तबकडी वेगाने फिरते आणि एका दांड्याच्या टोकाला बसविलेले 'हेड' तिच्यावरील चुंबकीय खुणा वाचते किंवा लिहिते.

घरगुती डेस्कटॉपमधील डिस्क साधारणतः मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिची बाहेरची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते. हेड तबकडीला टेकत नाही. फिरणाऱ्या तबकडीमुळे निर्माण होणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत राहते. माणसाच्या केसाची जाडी ५० हजार ते एक लाख नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे धुळीचा एक कण किंवा चालू संगणकाला बसलेला एक धक्का किती महागात पडू शकतो, याची कल्पना येते.

तबकडीवरील जागा 'सेक्टर' नावाच्या लहान कप्प्यांत विभागलेली असते. जुन्या डिस्कमध्ये एका कप्प्यात ५१२ बाइट मावत. अलीकडच्या डिस्कमध्ये ४०९६ मावतात. प्रत्येक कप्प्यासोबत चूक ओळखण्याची व दुरुस्त करण्याची जादा माहितीही लिहिलेली असते. त्यामुळे एखादी खूण पुसट झाली तरी डिस्क हिशेब करून मूळ मजकूर काढू शकते. तेही जमले नाही, की ती तोच कप्पा पुन्हा पुन्हा वाचून पाहते. या प्रयत्नांत कित्येक सेकंद, कधी मिनिटभरही जातो. पडदा गोठण्याचे रहस्य बहुधा इथेच असते. विंडोज थांबलेली नसते. ती डिस्कच्या उत्तराची वाट पाहत असते.

काही केल्या वाचता न आलेला कप्पा डिस्क 'प्रलंबित' म्हणून नोंदवून ठेवते. पुढे कधी त्या जागी नवे काही लिहायची वेळ आली, की तो कप्पा तपासला जातो. तो धड निघाला तर पुन्हा वापरात येतो, नाहीतर कायमचा बाद होतो आणि त्याच्याऐवजी राखीव साठ्यातील एक कप्पा जोडून दिला जातो. फॉरमॅट केल्यानंतर संगणक काही दिवस सुरळीत का चालतो, याचे उत्तर यात आहे. नवे विंडोज दुसऱ्या कप्प्यांवर लिहिले जाते किंवा खराब कप्पे तेवढ्यापुरते बदलले जातात. तबकडीचे दुखणे मात्र तसेच राहते.

लक्षणे कोणती?

डिस्कचे दुखणे चार प्रकारे प्रकट होते.

पहिले लक्षण म्हणजे ठराविक फाइलपाशी अडकणे. संगणक एरवी नीट चालतो, पण एखादे फोल्डर उघडले किंवा एखादे गाणे ठराविक क्षणी पोहोचले, की सारे थांबते. सर्वच कामे सारखी मंद असतील, तर कमी मेमरी, अँटिव्हायरस किंवा पार्श्वभूमीला चाललेले अपडेट अशी कारणे आधी शोधावीत. एकाच जागी पुन्हा पुन्हा अडखळणे हे मात्र डिस्ककडे बोट दाखवते.

दुसरे लक्षण फाइलींच्या वागणुकीचे. काल उघडणारी फाइल आज 'करप्ट' झाल्याचे सांगितले जाते, फोल्डरांची नावे विचित्र चिन्हांत दिसू लागतात, संगणक सुरू होताना विंडोज वारंवार डिस्क तपासायला घेते. कॉपी करताना 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' अशी चूक दाखविली गेली, तर सहसा तिचा अर्थ कप्प्यातील माहिती धड वाचता आली नाही असा असतो.

तिसरे लक्षण आवाजाचे. फिरताना होणारी एकसारखी गुणगुण आणि काम करतानाची हलकी खरखर या नेहमीच्या गोष्टी आहेत. पण 'टक्... टक्... टक्' असा ठराविक लयीत येणारा आवाज हे धोक्याचे चिन्ह आहे. हेडला तबकडीवरील मार्गदर्शक खुणा सापडत नाहीत, म्हणून ते मूळ जागी परत जाते आणि पुन्हा प्रयत्न करते, त्याचा हा आवाज असतो. घासल्यासारखा कर्कश आवाज येत असेल, तर हेड तबकडीला टेकले असण्याची शक्यता असते. लॅपटॉपच्या किंवा बाहेरून जोडायच्या लहान डिस्कमधून बारीक 'बीप' ऐकू आला, तर मोटर फिरू पाहत आहे पण अडकली आहे, असे बहुधा समजावे. संगणकाच्या पेटीतील धूळ बसलेला पंखाही खडखडतो, म्हणून आवाज नेमका कुठून येतो याची खात्री करून घ्यावी.

चौथे लक्षण म्हणजे डिस्कच न दिसणे. संगणक सुरू होतानाच्या 'बायोस' पडद्यावर डिस्कचे नाव कधी येते, कधी येत नाही, किंवा नावाऐवजी निरर्थक अक्षरे दिसतात. तिथेच 'स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस' अशी सूचना आली, तर तिच्याकडे कदापि दुर्लक्ष करू नये. एखादी कळ दाबून पुढे जाता येते म्हणून संकट टळले, असे होत नाही.

निदानाआधी प्रत

लक्षणे दिसताच तपासणीचे सॉफ्टवेअर शोधायला बसणे हा स्वाभाविक, पण चुकीचा क्रम आहे. संपूर्ण तपासणी म्हणजे डिस्कच्या प्रत्येक कप्प्याचे वाचन. आजारी डिस्कला कित्येक तास असे राबविले, तर तपासणीतच ती शेवटचा श्वास घेण्याची शक्यता असते. म्हणून डिस्क दिसते आहे आणि फाइली उघडत आहेत तोवर पहिले काम एकच : जे पुन्हा मिळणार नाही ते दुसरीकडे उतरवून घेणे.

यातही क्रम पाळावा. सारी डिस्क एकदम कॉपी करायला लावू नये. आधी छायाचित्रे, घरगुती ध्वनिचित्रफिती, स्वतः लिहिलेली कागदपत्रे, हिशेब, ई-मेल घ्यावेत. विंडोज, सॉफ्टवेअर आणि चित्रपट पुन्हा मिळतात. त्यांच्यावर डिस्कचे उरलेले आयुष्य खर्चू नये. एकेक फोल्डर घ्यावे. एखाद्या फाइलपाशी काम अडले तर ती सोडून पुढे जावे. प्रत वेगळ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी. 'सी' ड्राइव्हवरचे 'डी' ड्राइव्हवर नेल्याने काही साधत नाही, कारण बहुतेक घरांत हे दोन्ही एकाच डिस्कचे दोन भाग असतात.

दोष डिस्कचाच का?

प्रत घेऊन झाली, की मग शांतपणे निदान करावे. डिस्कसारखी लक्षणे दाखविणारे दोष आणखीही आहेत आणि त्यांतले काही अगदी स्वस्तात दूर होतात.

पहिला संशयित म्हणजे केबल. डिस्क आणि मदरबोर्ड यांना जोडणारी 'साटा' केबल सैल झाली किंवा तिची टोके मळली, की माहिती वाटेत बिघडते. संगणक बंद करून, विजेची वायर काढून केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवावी. शक्य असल्यास दुसरी केबल लावून किंवा मदरबोर्डवरील दुसऱ्या जागी जोडून पाहावे. काहीशे रुपयांची केबल बदलून 'मेलेली' डिस्क जिवंत झाल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या धंद्यात नेहमीची आहेत.

दुसरा संशयित वीजपुरवठा. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला दोन प्रकारचा दाब लागतो. १२ व्होल्टवर मोटर फिरते आणि ५ व्होल्टवर इलेक्ट्रॉनिक्स चालते. संगणकाचा 'एसएमपीएस' जुना झाला, की १२ व्होल्टचा दाब खाली येतो, तबकडीचा वेग मध्येच पडतो आणि डिस्क क्षणभर अदृश्य होते. मान्य मर्यादा पाच टक्के वर-खाली, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट. पुष्कळ संगणकांत हा आकडा बायोसमध्येच दिसतो. जिथे वीज वारंवार जाते-येते, तिथे यूपीएस नसेल तर ही शंका अधिक घ्यावी. बाहेरून जोडायच्या डिस्कबाबत आधी यूएसबी केबल बदलावी आणि ती पेटीच्या पुढच्या नव्हे, तर मागच्या बाजूला जोडून पाहावी.

तिसरा संशयित बायोस. 'डिस्क बूट फेल्युअर' किंवा 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' ही सूचना पाहून घाबरण्यापूर्वी संगणकाला एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला आहे का, हे पाहावे. संगणक कदाचित त्याच्यावर विंडोज शोधत असेल. घड्याळही मागे पडलेले दिसत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली असण्याची शक्यता असते. तिच्याअभावी बायोसमधील मांडणी पुसली जाते आणि धडधाकट डिस्कवरूनही विंडोज सुरू होत नाही.

चौथा संशयित फाइल-व्यवस्था, म्हणजे कोणती फाइल कोणत्या कप्प्यांत आहे याची अनुक्रमणिका. अचानक वीज गेल्याने ती बिघडू शकते. ग्रंथालयातील पुस्तके शाबूत आणि सूची तेवढी फाटलेली, अशी ही अवस्था असते. विंडोजमधील 'चेकडिस्क' ही दुरुस्ती करते. एकदा दुरुस्ती होऊन पुढे महिनोन् महिने त्रास झाला नाही, तर डिस्क ठीक आहे असे मानायला हरकत नाही. दर आठवड्याला सूची फाटत असेल, तर मात्र डिस्क किंवा मेमरी यांपैकी कोणीतरी दोषी आहे.

विंडोजची साक्ष

विंडोज डिस्कच्या तक्रारींची नोंदवही ठेवत असते. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'विंडोज लॉग्ज'मधील 'सिस्टिम' या विभागात जावे आणि 'डिस्क' या स्रोताच्या नोंदी शोधाव्यात. क्रमांक ७ ची नोंद खराब कप्पा सापडल्याचे सांगते. क्रमांक १५३ म्हणजे एखादे काम पुन्हा करावे लागले. क्रमांक ११ ची नोंद असेल तर केबल आणि जोडण्या आधी तपासाव्यात. एखादी तुरळक नोंद दिसली म्हणून हवालदिल होण्याचे कारण नाही. त्या रोज, रांगेने दिसत असतील तर प्रकरण गंभीर आहे.

'टास्क मॅनेजर'मधील 'परफॉर्मन्स' या भागात डिस्क निवडल्यावर 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' हा आकडाही पाहावा. डिस्क शंभर टक्के व्यग्र दिसणे हे पुरेसे निदान नव्हे, कारण विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्या निरोगी हार्ड डिस्कलाही कधी कधी तसे राबवितात. पण डिस्क शंभर टक्के व्यग्र आहे, प्रत्यक्ष माहिती अगदी थोडी हलते आहे आणि प्रतिसादाचा काळ दहा-वीस नव्हे तर हजारो मिलिसेकंद आहे, असे तिन्ही एकत्र दिसले तर डिस्क एखाद्या कप्प्याशी झगडत असल्याचा संशय बळावतो.

'स्मार्ट' काय सांगते?

१९९० च्या दशकात डिस्क बनविणाऱ्या कंपन्यांनी 'स्मार्ट' नावाची व्यवस्था रूढ केली. डिस्क स्वतःच स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवते : किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, तापमान किती, किती कप्पे बाद झाले. या नोंदी दाखविणारी 'क्रिस्टलडिस्कइन्फो'सारखी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी 'स्मार्टमॉनटूल्स' आहे. केवळ नोंदी वाचल्याने डिस्कवर ताण पडत नाही.

'क्रिस्टलडिस्कइन्फो' उघडताच निळा, पिवळा किंवा लाल असा निर्णय दिसतो. तेवढ्यावर न थांबता खालचा तक्ता पाहावा. त्यातील 'रॉ व्हॅल्यूज'चे आकडे मुळात संगणकी सोळाच्या पद्धतीत असतात. 'फंक्शन' या मेन्यूतील 'ॲडव्हान्स्ड फीचर'मध्ये जाऊन ते नेहमीच्या दशमान पद्धतीत करून घेतले, म्हणजे गोंधळ होत नाही. सामान्य वापरकर्त्याने पुढील चार ओळींकडे लक्ष द्यावे.

०५, 'रिॲलोकेटेड सेक्टर्स' : बाद होऊन बदलले गेलेले कप्पे. निरोगी डिस्कमध्ये हा आकडा शून्य असतो.

सी५, 'करंट पेंडिंग सेक्टर' : वाचता न आलेले, निकालाची वाट पाहणारे कप्पे. तिथे असलेला मजकूर आज धोक्यात आहे, म्हणून ही ओळ सर्वांत तातडीची.

सी६, 'अनकरेक्टेबल सेक्टर' : दुरुस्त न होऊ शकलेले कप्पे.

सी७, 'सीआरसी एरर' : वाटेत बिघडलेल्या माहितीची मोजदाद. पहिल्या तिन्ही ओळी शून्य आणि ही एकटी वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो. केबल बदलल्यावर जुना आकडा कमी होत नाही. तो पुढे वाढत नाही ना, एवढेच पाहायचे.

याउलट काही ओळी विनाकारण धडकी भरवितात. सीगेट कंपनीच्या डिस्कमध्ये 'रीड एरर रेट' आणि 'सीक एरर रेट' यांचे आकडे कोटींच्या घरात दिसतात. ते एकूण कामे आणि चुका यांची एकत्र मांडणी असल्यामुळे तसे दिसतात. त्यावरून डिस्क खराब ठरत नाही.

०५ या ओळीत एक-दोन असा आकडा असेल आणि महिनोन् महिने तेवढाच राहिला, तर डिस्क पुढे वर्षभरही चालू शकते. आज चार, परवा सोळा, पुढच्या आठवड्यात ऐंशी अशी वाढ असेल, तर तिचे दिवस भरले. म्हणून आकड्यांची तारखेसह नोंद करावी. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याची चाल अधिक बोलकी असते.

या नोंदींवर किती विसंबावे, याचाही अभ्यास झाला आहे. गुगलच्या तीन संशोधकांनी २००७ साली आपल्या कंपनीतील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिला कप्पा बदलला गेल्यानंतर साठ दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता अन्य डिस्कच्या तुलनेत चौदा पट वाढते, तर पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळल्यानंतर ती ३९ पट वाढते, असे त्यांना दिसले. पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख निर्देशकांपैकी एकानेही सूचना दिली नव्हती आणि तापमान वगळता इतर सर्व नोंदी जमेस धरल्या तरी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्क काहीही न सांगता गेल्या होत्या. तात्पर्य, 'स्मार्ट'ने धोका सांगितला तर विश्वास ठेवावा. 'सारे ठीक' म्हटले तर मात्र निर्धास्त होऊ नये.

शेवटची खात्री करायची असेल, तर डिस्कची स्वतःची चाचणी चालवावी. सीगेटचे 'सीटूल्स', वेस्टर्न डिजिटलचे 'डॅशबोर्ड' किंवा 'स्मार्टमॉनटूल्स' यांतून ती सुरू करता येते. छोटी चाचणी दोन-तीन मिनिटांत होते. मोठी चाचणी सारा पृष्ठभाग वाचते. एक टेराबाइटच्या डिस्कला तिच्यासाठी दोन तास किंवा अधिक लागतात. वर सांगितल्याप्रमाणे ही चाचणी प्रत घेतल्यानंतरच करावी. तिच्यात डिस्क नापास झाली, तर पुढे तर्कवितर्क करण्याचे कारण उरत नाही. ती बदलावी.

हे कटाक्षाने टाळा

आजारी डिस्कवर प्रत घेण्याआधी 'चेकडिस्क' चालवू नये. विशेषतः खराब कप्पे शोधणारा त्याचा सविस्तर प्रकार सारी डिस्क पिंजून काढतो आणि दुरुस्तीच्या नावाखाली अनुक्रमणिका बदलून टाकतो. वाचू शकणाऱ्या फाइली त्यात तुकड्यांत विभागल्या जाऊ शकतात. 'डीफ्रॅग' आणि फॉरमॅट यांनाही हेच लागू आहे. गेलेल्या फाइली शोधणारे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकणे म्हणजे हरवलेल्या वस्तूच्या जागी नवी वस्तू ठेवणे होय.

डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावी, हा सल्ला आजही ऐकू येतो. बाहेर काढल्यावर दमट हवेत थंड धातूवर पाणी साचते, तेच तबकडीवर साचले तर तज्ज्ञांनाही काही करता येत नाही. डिस्क ठोकून पाहू नये. तिचे झाकण उघडू नये. तशाच दुसऱ्या डिस्कचा हिरवा सर्किट बोर्ड काढून लावण्याची युक्तीही आता सहसा चालत नाही, कारण प्रत्येक बोर्डावरील चिपमध्ये त्याच विशिष्ट डिस्कची जुळणी नोंदलेली असते.

साध्या कॉपीने काम भागत नसेल, पण डिस्क अजून दिसत असेल, तर लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून 'जीएनयू डीडीरेस्क्यू' वापरता येते. ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरविते, अडखळलेल्या जागा नकाशात नोंदविते आणि त्यांच्याकडे शेवटी वळते. मध्येच वीज गेली तरी नकाशावरून काम पुढे सुरू करता येते. त्यासाठी तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेची दुसरी डिस्क लागते. मूळ आणि नवी यांची नावे देताना अदलाबदल झाली, तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरविली जाईल, म्हणून सवय नसलेल्यांनी जाणकाराला शेजारी बसवावे.

ठोके येत असतील, घासल्याचा आवाज असेल किंवा डिस्क फिरतच नसेल, तर घरगुती उपाय तिथेच थांबवावेत. संगणक बंद करावा आणि तो पुन्हा सुरू करू नये. प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक तबकडीवर ओरखडे वाढतात. हे काम धूळविरहित खोलीत डिस्क उघडणाऱ्या तज्ज्ञांचे आहे. खर्च मोठा असतो. म्हणून डिस्क देण्यापूर्वी अंदाजपत्रक लेखी घ्यावे, माहिती न मिळाल्यास किती आकार पडेल हे विचारावे आणि डिस्क उघडण्याचे काम नेमके कुठे होते याची चौकशी करावी. वॉरंटीच्या भरवशावर राहू नये. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते. डिस्कवरील माहितीची जबाबदारी कंपनी घेत नाही.

एसएसडीचे दुखणे वेगळे

गेल्या काही वर्षांत घरगुती संगणकांत हार्ड डिस्कची जागा पुष्कळ अंशी 'एसएसडी'ने घेतली आहे. तिच्यात फिरणारे काही नसल्यामुळे ठोके नाहीत आणि खरखरही नाही. धक्क्याने ती सहसा बिघडत नाही. पण जाते तेव्हा बहुधा न सांगता जाते. आज संध्याकाळपर्यंत काम करणारी एसएसडी उद्या सकाळी बायोसमध्येच दिसत नाही. काही वेळा ती केवळ वाचता येते, लिहिता येत नाही, आणि तेवढी सवलत मिळाली तर नशीब समजून लगेच प्रत घ्यावी. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीत 'पर्सेंटेज यूज्ड', 'अव्हेलेबल स्पेअर' आणि 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' या नोंदी पाहाव्यात. यांतील शेवटचा आकडा शून्यच असायला हवा.

दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. चुकून पुसलेली फाइल हार्ड डिस्कवरून अनेकदा परत मिळे. एसएसडी मात्र पुसलेली जागा लवकरच स्वतःहून मोकळी करते, त्यामुळे ती शक्यता फारच कमी होते. दुसरे, विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. असा संगणक बिघडून डिस्क दुसरीकडे जोडायची वेळ आली, तर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असते. डिस्क धडधाकट असतानाच ती पाहून कागदावर उतरवून ठेवावी.

निदानापेक्षा मोठे औषध

कोणतीही डिस्क अमर नसते. काही वर्षभरात जातात, काही दहा वर्षे चालतात आणि आपल्या वाट्याला कोणती आली आहे हे आधी कळत नाही. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी प्रचलित केलेला ३-२-१ हा नियम म्हणूनच जगभर मान्य झाला. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर. घरगुती वापरात याचा अर्थ सोपा आहे. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरून जोडायच्या डिस्कवर, तिसरी इंटरनेटवरील साठवणीत किंवा नातेवाइकांच्या घरी. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. सतत जोडलेली राहिली तर विजेचा एकच तडाखा किंवा एकच व्हायरस दोघींना सोबत घेऊन जाईल. फोन आणि इंटरनेट यांची आपोआप होणारी जुळवणी ही खरी प्रत नव्हे, कारण इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते.

घेतलेली प्रत उघडते की नाही, हेही अधूनमधून पाहावे. महिन्याचा एखादा रविवार त्यासाठी ठरवावा. बाहेरची डिस्क जोडावी, नव्या फाइली उतरवाव्यात, चार जुनी छायाचित्रे उघडून पाहावीत आणि 'स्मार्ट'च्या त्या चार ओळींचे आकडे वहीत लिहून ठेवावेत. एवढे केलेले असेल, तर डिस्क ज्या दिवशी ठोके देऊ लागेल त्या दिवशी दुकानात जाऊन नवी डिस्क आणणे, इतकेच काम उरते.